उशीखालची चावी

आमचे हे कुलूपवाले. गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. पुढे ते मोठ्या सभागृहात जाऊन बसले तरी पाकिटावर लोक ‘कुलूपवाले’ एवढंच लिहायचे आणि पत्र बरोबर पोचायचं. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही एवढं दुकान, भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, दारात चावी कापायचं यंत्र आणि त्यामागे बुटक्या स्टुलावर बसलेला हा माणूस. बोलणं कमी. म्हणजे किती कमी, तर आमचं लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावर यांनी मान हलवली. ती होकारासाठी हलवली की माशी हाकलायला, यावर माझ्या दोन मावश्यांचं अजून एकमत नाही.

लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ट्रंकेची चावी माहेरी राहिली. सगळे कपडे ट्रंकेत. म्हटलं, काळजी कशाला, नवराच कुलूपवाला आहे. पण यांचा एक नियम होता. ज्या म्हाताऱ्याकडे हे काम शिकले त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन शेजाऱ्यांनी मालक ओळखल्याशिवाय बंद कुलपाला हात लावायचा नाही. हा नियम बायकोलाही लागू होतो हे मला त्या दिवशी कळलं. हे उठले, जाऊन समोरच्या इस्त्रीवाल्याला आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना घेऊन आले. दोघांनी माझ्याकडे नीट पाहून सांगितलं की होय, काल आली ती हीच. मग यांनी खिशातून तार काढली आणि मला शिंक यायच्या आत ट्रंक उघडली. मी पुढे आठवडाभर यांच्याशी बोलले नाही. यांना ते कळलंच नाही, कारण हेही बोलत नव्हते.

पण याच हट्टापायी गाव यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचं. कुणी परगावी निघालं की घराची चावी आमच्याकडे. भावाभावांचं भांडण कोर्टात गेलं की वादातल्या खोलीची चावी आमच्याकडे. गावातलं एकही दार असं नव्हतं की जे यांना उघडता येत नव्हतं, आणि एकही असं नव्हतं की जे यांनी न विचारता उघडलं.

आता नदीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव नदीच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि मध्ये एक होडी. माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. यांनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि काठापर्यंत धावत नेलं. होडी पलीकडे होती. होडीवाला पोरीला शाळेतून आणायला गेला होता, त्याचा काही दोष नाही. आम्ही काठावर उभं राहून हाका मारत राहिलो, आणि होडी अर्ध्यावर आली तेव्हा बाबा गेले. त्या दिवसापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे त्या नदीवर पूल.

त्या साली निवडणूक लागली. आमच्या भागातून उभे राहणारे गृहस्थ ऐन वेळी उडी मारून दुसऱ्या पक्षात गेले. पहिल्या पक्षाची धांदल उडाली. घाईघाईनं असा माणूस हवा होता की ज्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही. शोधशोध शोधल्यावर एकच मिळाला. यांनी आधी नाहीच म्हटलं. मग मी दोन शब्द सुनावले, म्हणजे खरं तर दोनशे, तेव्हा तयार झाले. प्रचारातलं यांचं भाषण संपूर्ण देते: “पूल मागेन. बाकी मला काही येत नाही.” एवढ्यावर निवडून आले.

राजधानीतलं ते सभागृह मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रेक्षकांच्या गॅलरीतून. उंच छत, खाली अर्धवर्तुळात बाकं, मधोमध अध्यक्षांची खुर्ची. एका अंगाला मोठ्या खिडक्या, दुसऱ्या अंगाला दारं. एक पक्ष खिडक्यांकडे बसायचा, दुसरा दारांकडे, म्हणून सगळे त्यांना खिडकीकडचे आणि दाराकडचे असंच म्हणायचे. आम्ही खिडकीकडचे. आणि लोकांनी त्या वर्षी अशी काही मापून मतं दिली होती की खिडकीकडे एकतीस आणि दाराकडे एकतीस.

अशा सभागृहाचं पहिलं काम असतं अध्यक्ष निवडणं. एरवी त्या खुर्चीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण तिथल्या नियमानं अध्यक्षाला स्वतःचं एक मत असायचं, आणि बरोबरी झाली की निकालही तोच द्यायचा. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असताना अध्यक्ष ज्यांचा, राज्य त्यांचं. सरकार त्यांचं, तिजोरी त्यांची, रस्ते त्यांचे. आणि पूलही.

मत द्यायची तऱ्हाही सांगते. प्रत्येक सभासदाच्या बाकावर झाकणाची एक छोटी पेटी असायची, तिला बारीक कुलूप आणि आत दोन बटणं, हो आणि नाही. चावी ज्याची त्याच्यापाशी. आणि या चावीवरून तिथे एक जुनी रीत पडलेली होती. एका बाजूचा माणूस आजारी पडला तर दुसऱ्या बाजूचा एक जण त्याच्याशी जोडी बांधायचा. दोघं चाव्यांची अदलाबदल करायचे. आजारी माणूस येऊ शकत नाही, आणि त्याची जोडी हजर असली तरी पेटी उघडू शकत नाही. एकाचं एक वजा, दुसऱ्याचं एक वजा. दुखण्याचा फायदा कुणाला नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, सही नाही, साक्षीदार नाहीत, नुसता शब्द.

शपथविधीच्या दिवशी दाराकडच्या एक बाई बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून घसरून पडल्या. राजकारणात यायच्या आधी त्या सुईण होत्या, अजूनही सगळे सुईणबाईच म्हणायचे. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलून गाडीत ठेवणाऱ्यांत आमचे हे होते. दुपारी शस्त्रक्रिया झाली, आणि संध्याकाळी हे कुणालाही न विचारता दवाखान्यात जाऊन आपली चावी त्यांना देऊन आले, त्यांची घेऊन आले. मुक्कामाच्या खोलीत आल्यावर मला एवढंच म्हणाले की बाई वेदनेत होत्या आणि त्यांना मताची काळजी लागली होती. मलाही तेव्हा बरंच वाटलं. पूल कुठे पळून जात नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पक्षाचे पुढारी सभासदांच्या वसतिगृहात, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत स्वतः आले. एवढा मोठा माणूस आमच्या पलंगाच्या कडेवर बसला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी हिशेब समजावला: जोडी मोडली नाही तर तीस आणि तीस, निकाल नाही. जोडी मोडली तर एकतीस आणि तीस, राज्य आपलं. चावी हरवली असं सचिवांना लिहून दिलं की दुसरी मिळते, तेवढंच करायचं.

“हरवलेली नाही,” हे म्हणाले. “कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सुईणबाईंच्या उशीखाली आहे.”

पुढारी हसले. मग चावी तरी कशाला हवी, म्हणाले, तुमच्यासारख्या कारागिराला ते कुलूप म्हणजे खेळणं. आणि मग त्यांनी नेमका बाण काढला. सरकार बसलं की पहिली सही तुमच्या पुलावर. तसं लिहून देतो, म्हणाले.

पुढारी गेल्यावर मी माझ्या अंबाड्यातला आकडा काढला आणि यांच्यासमोर टेबलावर ठेवला. मी म्हणाले, हा घ्या, आणि उघडा. होय, म्हणाले मी. आजही कुणी विचारलं तर सांगते. माझे वडील काठावर गेले होते, आणि सुईणबाईंचं फक्त हाड मोडलं होतं. मी रडले, भांडले, बाबांचं नाव घेऊन यांना नको नको ते बोलले. पाठुंगळीवरचं ओझं विसरलात का, असंही विचारलं.

हे टेबलावरच्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “पूल मागायला गावात माझ्यापेक्षा चांगले बोलणारे पन्नास होते. लोकांनी मला का पाठवलं?”

मला उत्तर माहीत होतं, पण मी ते दिलं नाही. यांना आयता मुद्दा कशाला द्या? मग यांनी तो आकडा उचलला आणि माझ्या केसांत परत खोवला. “सुटतील केस,” म्हणाले. जन्मात पहिल्यांदा यांनी माझ्या केसांना हात लावला तो असा भांडणात.

अध्यक्षपदासाठी आमच्या बाजूच्या माणसाच्या नावावर मतदान सुरू झालं. नवा अध्यक्ष निवडेपर्यंत सगळ्यांत वयस्कर सभासदानं काम बघायचं असा नियम होता. ते आजोबा घंटा वाजवायचे आणि एकदम खटाखट झाकणं उघडल्याचा आवाज यायचा. मी गॅलरीत पुढच्या रांगेत बसलेली. सगळं सभागृह एकाच माणसाकडे बघत होतं. हे आपल्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून, दुकानात गिऱ्हाईक नसताना बसतात तसे बसले होते. पेटी बंद. निकाल, तीस आणि तीस.

दुसऱ्या दिवशी तेच. आमच्याच बाजूच्या एकानं यांच्या बाकावर तारेचा तुकडा आणून ठेवला. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, कुलूपवाल्याच्याच अकलेला कुलूप. दाराकडचे हसले, आणि आमचे त्याहून मोठ्यानं हसले. यांनी तार उचलून वळवली, चांगली आहे म्हणून खिशात टाकली. पुन्हा तीस आणि तीस. मी वरून बघत होते आणि मला यांचा राग येत होता, आणि त्या हसणाऱ्यांचा त्याहून जास्त. आपल्या माणसाला आपण बोलायचं असतं, दुसऱ्यांनी नाही.

तिसऱ्या दिवशीही बरोबरी झाली तेव्हा आजोबांनी नियम वाचून दाखवला. आजच्या दिवसात अध्यक्ष ठरला नाही तर सभागृह बरखास्त आणि पुन्हा निवडणुका. नुकतेच निवडून आलेले बासष्ट लोक, कुणाच्याही अंगात पुन्हा दारोदार फिरायचं त्राण नव्हतं. दोन्ही पुढारी आपापल्या लोकांत कुजबुजत होते, पण एकाला दुसऱ्याचा माणूस चालेना. हातात निकाल दिला की हा गळा कापणार, हीच भीती दोघांना.

तेवढ्यात दाराकडे गलबला झाला. चाकांच्या खुर्चीत बसून सुईणबाई आत येत होत्या. मागून त्यांची सून खुर्ची ढकलत होती आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की दवाखान्यातून निघताना सासूसुनेचं चांगलंच वाजलं असणार. डॉक्टरांचा निरोप होता म्हणे की बाईंना हलवाल तर जबाबदारी तुमची. बाईंच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली आमची चावी होती.

खिडकीकडच्यांनी कपाळाला हात लावला. बाई आल्या म्हणजे चाव्या परत होणार, पुन्हा एकतीस एकतीस, पुन्हा तीच रड. हे उठले, खिशातून बाईंची चावी काढून त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही.

“राहू दे दादा,” त्या म्हणाल्या आणि आजोबांकडे वळल्या. “मी दाराकडची आहे. तीन दिवस यांच्या बाजूचं राज्य यांच्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. चावी लागत नव्हती, एक तार पुरली असती. तुम्ही सगळे टक लावून बघत होतात. बोट हललं का? मग निकाल कुणाच्या हातात ठेवायचा, हे अजून किती दिवस शोधणार आहात?”

दाराकडच्या पुढाऱ्यांनी खरी अडचण विचारली: माणूस चांगला, पण शेवटी खिडकीकडचा, त्याचं मत त्याच्याच लोकांना जाणार. बाईंनी गळ्यातली चावी उचलून दाखवली. ही चावी मी ठेवते, त्यांच्याकडची त्यांनी ठेवावी, म्हणाल्या. ते त्या खुर्चीत आहेत तोवर आमची जोडी. दोघांच्याही पेट्या बंद. तीस आणि तीसच राहतील, म्हणजे तुम्हाला एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. मग त्यांनी यांना विचारलं की बरोबरी झाली तर तुम्ही काय कराल.

हे उभे होते. मला वाटलं, आता पुन्हा मान हलवतात की काय. पण बोलले. “बरोबरी झाली तर प्रश्न परत पाठवीन. दोघांकडचे दोन साक्षीदार आल्याशिवाय मी काही उघडत नाही.”

वर गॅलरीत मी एकटी हसले. ट्रंकेची गोष्ट तिथे कुणाला ठाऊक होती?

आमच्या पुढाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्याला तीन दिवस टोचलं त्यालाच विरोध करावा तर तो आपलाच माणूस, आणि होकार द्यावा तर आपलाच हट्ट गिळायचा. शेवटी गिळला. आजोबांनी घंटा वाजवली. साठ झाकणं एकदम उघडली. तीन दिवस तो आवाज मी ऐकत होते, खटाखट, कुठे आधी कुठे नंतर. त्या दिवशी एकच आवाज झाला, आणि फळ्यावर ‘हो’समोर साठ आकडा लागला. ‘नाही’समोर शून्य. बंद राहिल्या त्या दोनच पेट्या, एक यांची आणि एक ज्यांनी यांचं नाव सुचवलं त्यांची.

दोन्ही पुढाऱ्यांनी यांना दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीपर्यंत नेलं. अख्खं सभागृह उभं राहून बाकं वाजवत होतं. ज्यानं तार ठेवली होती तो सगळ्यांत जोरात. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होती, मी तिचा दंड धरून सांगत सुटले की ते माझे आहेत, ते माझे आहेत. आणि खुर्चीत बसल्या बसल्या यांनी पहिलं काम काय केलं, तर समोरच्या टेबलाच्या खणाचं कुलूप अंगठ्यानं चाचपून पाहिलं. सवय जाते थोडीच.

अभिमान ओसरला आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अध्यक्षानं स्वतःच्या गावासाठी काही मागायचं नसतं. प्रश्न विचारायचा नाही, भाषण करायचं नाही, आता तर मतही नाही. गावानं ज्या एका कामासाठी पाठवलं तेवढंच सोडून बाकी सगळं यांना करता येणार होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, असं मी यांना रोज सकाळी चहाबरोबर ऐकवत असे. हे चहा प्यायचे आणि कामाला जायचे.

तीस आणि तीस असल्यामुळे दोन्ही बाजूंना खरंच बोलावं लागलं. सरकार निम्मं यांचं, निम्मं त्यांचं असं झालं. भांडणं रोज व्हायची, पण खुर्चीतला माणूस कुणालाच जास्तीचा शब्द बोलू देत नव्हता आणि कुणाचा शब्द तोडतही नव्हता. आणि एके दिवशी, अंदाजपत्रकावर चर्चा चालली असताना, सुईणबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, या सभागृहात एक माणूस असा आहे की ज्याला स्वतःच्या गावाबद्दल तोंड उघडता येत नाही, कारण आपणच ते बंद केलं आहे. तेव्हा त्यांचं मागणं मी मागते. आणि मग त्यांनी नदी सांगितली, होडी सांगितली, पलीकडचा दवाखाना सांगितला. माझ्या वडिलांचंही सांगितलं. हे त्यांना कधी बोलले, मला माहीत नाही; दवाखान्यात चावी द्यायला गेले तेव्हाच बोलले असावेत. म्हणजे पूल हवा असलेला माणूस आपली चावी सोडून जातो आहे, हे त्या बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्याशी दोन वाक्यं बोलायला ज्यांना आठवडा लागतो ते हे.

दाराकडून कुणी उठलं, माझा पाठिंबा म्हणालं. खिडकीकडून आमचे पुढारी उठले. घंटा वाजली. झाकणं उघडली. साठ.

निकाल अध्यक्षांनी जाहीर करायचा असतो. हे खुर्चीत ताठ बसले होते, हातात कागद. सभागृह वाट बघत होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले होते. हे एकदा पाणी प्यायले, एकदा खाकरले, आणि म्हणाले, “मंजूर.”

मी ओरडले. काय ओरडले मला आठवत नाही. गॅलरीत बसलेल्यांनी साधं खोकायचंही नसतं असा नियम आहे, तो मला माहीत होता, पण माझा आवाज त्या उंच छताला जाऊन लागला आणि खालचे एकसष्टच्या एकसष्ट चेहरे वर झाले. यांनीही वर पाहिलं. डोळे भरलेले होते, मी शपथेवर सांगते. मग यांनी टेबलावर हातोडी आपटली आणि म्हणाले, “प्रेक्षकांमध्ये गोंधळ करणाऱ्या बाईंना बाहेर न्यावं.”

पहारेकरी आला. मी त्याला सांगितलं की अध्यक्ष माझे यजमान आहेत. त्याचा विश्वास बसेना. नवरा बायकोला असं बाहेर काढेल का, म्हणाला. मी म्हणाले, हा काढेल, हवं तर दोन शेजारी आणते साक्षीला. तो बिचारा गोंधळून माझ्यामागून दारापर्यंत आला.

बाहेर त्याच दगडी पायऱ्या होत्या, जिथे सुईणबाई घसरल्या होत्या. ऊन लख्ख पडलं होतं. मी तिथे बसले आणि पोटभर रडले, आणि मग मोठ्यानं म्हणाले, बाबा, आता होडीची वाट बघायची नाही. पहारेकऱ्यानं माझ्यासाठी पाणी आणलं.